रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग दुखतंय ते काय?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. म्हणजे आता मला वेडी ठरवायचंच काय ते बाकी राहिलंय." ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत वृषालीताई पहिल्यांदा येऊन बसल्या, तेव्हा त्यांनी काढलेले हे पहिले वाक्य. त्यांचे नाव आणि ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, वाक्य मात्र बदललेले नाही, कारण थोड्याफार फरकाने तेच वाक्य मी वर्षातून अनेकदा ऐकते.

वय ४७, राहणे कळव्याला, नोकरी रबाळ्याला एका कंपनीच्या हिशेब विभागात. आदल्या ऑगस्टमध्ये त्यांना चिकुनगुनिया झाला होता. ताप आठवड्यात उतरला, पण मनगटे, बोटे आणि घोटे यांचा ठणका एप्रिल उजाडला तरी हटला नव्हता. त्यांनी टेबलावर ठेवलेली प्लास्टिकची फाइल इतकी फुगली होती की तिचे बटण लागत नव्हते. संधिवाततज्ज्ञांनी दोनदा तपासले होते, सांध्यांवर सूज नव्हती, शरीरातला दाह, म्हणजे आतली सूज, आणि संधिवात शोधणाऱ्या रक्ततपासण्यांत सीआरपी, ईएसआर, आरए फॅक्टर, युरिक अ‍ॅसिड सगळे मर्यादेत होते. बोलता बोलता त्यांनी उजव्या हाताने पाण्याच्या बाटलीचे झाकण फिरवून पाहिले, थांबल्या, आणि माझ्याकडे न बघता बाटली तशीच पर्समध्ये ठेवली. घरी कुकरचे झाकण नवरा लावून देतो आणि लावताना "मनावर घेऊ नकोस गं" असे म्हणतो, हे त्यांनी नंतर सांगितले.

यानंतर माझ्या हातून एक चूक झाली. दुसऱ्या भेटीत मी त्यांना दीर्घ श्वसन शिकवले आणि ताण कमी झाला की दुखणेही कमी होईल, असे सांगून मोकळी झाले. त्यांनी मान डोलावली, फी दिली आणि तीन आठवडे त्या फिरकल्या नाहीत. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा तेच म्हणालात की, फक्त गोड शब्दांत." त्यांचे बरोबर होते. ज्या माणसाचे दुखणे घरात आधीच खोटे ठरू लागले आहे, त्याला कारण न सांगता ताणाचे नाव घेणे म्हणजे तोच शिक्का अधिक सभ्य शाईने मारणे होय.

म्हणून तिसऱ्या भेटीत मी तापापासून सुरुवात केली. तापमापीत पारा चढण्याआधीच आपण म्हणतो, अंगात कणकण आहे, अंग मोडून आलंय, जेवण नको, कोणाशी बोलावंसं वाटत नाही. हे सगळे प्रत्यक्ष विषाणूच करतो असा आपला समज असतो, पण त्यातला बराचसा भाग आपल्याच प्रतिकारयंत्रणेचा असतो. संसर्गाची चाहूल लागताच तिच्या पेशी सायटोकाइन नावाचे संदेशवाहक रेणू सोडतात, त्यांची खबर रक्तातून आणि व्हेगस नावाच्या लांबलचक नसेतून मेंदूपर्यंत पोहोचते, आणि मेंदू ताप चढवतो, भूक मारतो, माणसाला कोपऱ्यात निजवतो आणि वेदना जाणवण्याची पातळी खाली आणतो, म्हणजे एरवी न दुखणारेही दुखू लागते. आजारी प्राण्यांचे हे वागणे अशक्तपणातून आलेले नसून आजाराशी लढण्याची ती एक आखीव तऱ्हा आहे, असे बेंजामिन हार्ट या अमेरिकन पशुवैद्यक संशोधकाने १९८८ मध्ये मांडले होते. आजारी पडल्यावर पलंगाखाली जाऊन बसलेली मांजर ज्याने पाहिली आहे, त्याला हे पटायला वेळ लागत नाही. अंगदुखीत मेंदूचा हात असणे आणि अंगदुखी मनाने रचलेली असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच मला त्यातून त्यांच्यापर्यंत पोहोचवायचे होते.

वृषालीताई हिशेबातल्या असल्यामुळे त्यांनी लगेच विचारले, "पण विषाणू गेला. मग आठ महिने कसली लढाई?"

प्रश्न रास्त होता. चिकुनगुनियानंतर काहींच्या सांध्यांत खरोखरच दाह टिकून राहतो आणि त्यावर औषधे घ्यावी लागतात. म्हणून सकाळी तासभर बोटे मिटत नसतील, सांधे सुजत असतील, तर समुपदेशकाकडे येण्याआधी संधिवाततज्ज्ञ गाठावा, हे मी प्रत्येकाला सांगते. वृषालीताईंच्या बाबतीत ती शक्यता डॉक्टरांनी तपासून बाजूला ठेवली होती. उरली ती दुसरी शक्यता. वेदनेवर संशोधन करणारे क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की, इजा झाल्यावर केवळ जखमेची जागाच हळवी होत नाही, तर पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या पेशीही अधिक सहज उत्तेजित होऊ लागतात, आणि मग साधा स्पर्शसुद्धा वेदना म्हणून नोंदवला जाऊ शकतो. मेंदूत आणि मज्जारज्जूत प्रतिकारयंत्रणेच्या स्वतःच्या पहारेकरी पेशी असतात. पीओ देल रिओ-ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्यांना मायक्रोग्लिया हे नाव दिले. हा हळवेपणा टिकवून ठेवण्यात या पेशींचाही वाटा असू शकतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. दंडातून काढलेल्या रक्तात सीआरपी मोजला, तर या घडामोडीचा त्यात पत्ता लागत नाही.

त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आमच्या सोसायटीत एकदा चोरी झाली होती. त्यानंतर वॉचमन सहा महिने दूधवाल्यालाही अडवत होता." इतके चपखल उदाहरण मला सुचले नसते, आणि तेव्हापासून मी ते इतरांना सांगते.

वॉचमनला अजूनही कोण जागे ठेवते आहे, हे शोधण्यासाठी मी त्यांना एक साधी वही करायला सांगितली. रोज रात्री ठणका दहापैकी किती आणि दिवसभरात काय घडले, एवढ्याच दोन नोंदी. त्यांची खात्री होती की ठाणे स्टेशनचे जिने आणि ट्रान्स-हार्बरच्या गाडीतली उभ्याची गर्दी यांनीच दुखणे वाढते. मलाही तसेच वाटत होते. महिन्याभराची वही पाहिली तर रविवारचे आकडेही तितकेच वाईट होते. तेव्हा मी तिसरा रकाना घालायला सांगितला, रात्री किती वेळा उठलात. आठ, सात, आठ असे आकडे ज्या ज्या दिवशी होते, त्यांच्या आदल्या रात्रीसमोर चार, पाच, चार असे लिहिलेले होते.

घरी स्मृतिभ्रंश झालेल्या सासूबाई होत्या, आणि दोन महिने माझ्याकडे येऊनही वृषालीताईंनी त्यांचा उल्लेख ओझरताच केला होता. रात्री त्या उठत, दाराची कडी काढू पाहत, माहेरी जायचे म्हणत. कडीचा आवाज झाला की वृषालीताई उठत. त्यांच्या हिशेबी हा आजाराचा भाग नव्हताच, ते घरचे काम होते.

अशा काळजीवाहू बायकांविषयी एक जुना अभ्यास आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखीच छोटी जखम केली, आणि शुश्रूषा करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी ९ दिवस अधिक लागले. हे निष्कर्ष १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दीर्घकाळच्या ताणाने प्रतिकारयंत्रणेची घडी विस्कटते, हे त्यातून दिसले. एरवी दाह आटोक्यात ठेवण्याचे काम कॉर्टिसॉल हे संप्रेरक करते, पण ताण महिनोन्‌महिने चालला की प्रतिकारपेशी त्याला पुरेशी दाद देईनाशा होतात, असेही अभ्यासांत आढळले आहे. झोपेचे तर आणखी थेट आहे. २००७ मधल्या एका प्रयोगात निरोगी स्त्रियांची झोप रात्रभर मध्ये मध्ये मोडली, तेव्हा वेदना दाबण्याची शरीराची स्वतःची क्षमता घटली, आणि तेवढीच कमी झोप सलग मिळालेल्यांमध्ये तसे झाले नाही.

मी वृषालीताईंना ही वही घेऊन यायला आणि नवऱ्याला सोबत आणायला सांगितले. यजमान भले गृहस्थ, पण "आईला हिच्याच हातची सवय आहे" यापलीकडे त्यांचे बोलणे जाईना. मी त्यांना उपदेश केला नाही, आकड्यांचे दोन रकाने शेजारी शेजारी दाखवले. त्यांनी एका रात्रीआड आईजवळ झोपायचे कबूल केले. पंधरवड्याने ते एकटेच आले आणि मान, खांदे फार भरून येतात, काही तपासण्या करून घेऊ का, असे विचारू लागले. मला हसू आवरले नाही. त्यांनाही नाही.

श्वसनाचा सराव वृषालीताईंनी नंतर स्वतःहून सुरू केला. फिजिओथेरपिस्टने मनगटांचे व्यायाम अगदी थोड्या आवर्तनांपासून वाढवत नेले. जूनअखेर नवऱ्याच्या पाळीनंतरचे आकडे तीन-चारवर आले होते, स्वतःच्या पाळीनंतरचे अजून पाच-सहा होते. कुकरचे झाकण त्या लावू लागल्या, डाव्या हाताने. मग आषाढात नवरा आठवडाभर कामासाठी नाशिकला गेला आणि ठणका पुन्हा आठवर चढला. पूर्वी असे झाले की त्या दुसऱ्याच दिवशी रक्त द्यायला जात. या वेळी वहीत एवढेच लिहिले होते : "८. रात्री पाच वेळा. नणंदेला फोन केला, शुक्रवारपासून येते म्हणाली."