किल्ल्यांच्या साइटवरचे तुटलेले दुवे काढून टाकू का?

तुम्ही विचारलंय की ट्रेकिंग ग्रुपच्या साइटवरचे तीनेकशे दुवे उघडत नाहीत, ते सरसकट उडवले तर चालेल का, आणि साइट नव्या पत्त्यावर नेताना काय सांभाळायचं. मी गडकोटांची अशीच एक साइट बारा वर्षं सांभाळतोय. उडवू नका, हे आधी सांगतो. दुवा काढला की माहिती कुठून घेतली याचा मागच पुसला जातो.

एकेक दुवा इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, टाकून बघा. लेख लिहिलात त्या तारखेच्या जवळची प्रत निवडा. अगदी अलीकडची घेतलीत तर 'पान सापडले नाही' हेच पान जतन झालेलं असू शकतं. एका वर्तमानपत्राने साइट बदलली तेव्हा माझे चाळीसेक दुवे एका रात्रीत गेले होते. त्यातले निम्म्याहून जास्त असेच परत मिळाले. जे आज चालू आहेत त्यांचीही प्रत तिथं आत्ताच करून ठेवा.

दुवे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर पूर्ण विसंबू नका. डोमेनची, म्हणजे साइटच्या नोंदवलेल्या नावाची, मुदत संपली की ते दुसराच कुणी विकत घेतो. मग दुवा उघडतो, सॉफ्टवेअर 'ठीक' म्हणतं आणि आत जुगाराची जाहिरात असते. असे दुवे डोळ्यांनीच पकडावे लागतात.

आता खास मराठीतली अडचण, हिच्यापायी माझे कितीतरी रविवार गेले. हरिहरच्या पायऱ्यांवरचं आमचं पान काहींना दिसायचं, काहींना ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही'. पत्त्यात 'पायऱ्या' शब्द होता. त्यातला ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो: एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरी, साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र दोन वेगळे पत्ते. ॲ आणि अॅ यांचंही तेच. म्हणून 'मेलेला' दुवा आधी हाताने पुन्हा टाइप करून बघा.

शिवाय देवनागरी पत्ता कॉपी केला की प्रत्येक चिन्हाची, म्हणजे काना-मात्रा-हलन्ताचीही, टक्केवारीच्या खुणांसकट नऊ अक्षरं होतात. वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर पानाच्या पत्त्यासाठी अशी २०० अक्षरं ठेवतं, म्हणजे बावीस चिन्हांत जागा संपली. लांब शीर्षक मध्येच तुटतं. माझं मत विचाराल तर शीर्षक मराठीत हवं तेवढं लांब ठेवा, पत्ता दोन-तीन शब्दांचा करा आणि एकदा दिलात की बदलू नका.

साइट हलवताना प्रत्येक जुन्या पानावरून त्याच्याच नव्या पानाकडे ३०१ म्हणजे कायमचं वळण द्या. ३०२ तात्पुरतं असतं. सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवणं सोपं वाटतं, पण पाण्याच्या टाक्यांची माहिती शोधत आलेला माणूस तिथं हरवतो, आणि गूगलही अशा वळणाला बहुधा हरवलेलं पानच समजतं. तुमच्याकडे बाहेरून कोण दुवे देतं ते गूगल सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या साधनात दिसेल. सगळ्यात जास्त दुवे ज्या पानांना आहेत, त्यांची वळणं आधी लावा. बॅकलिंक, म्हणजे बाहेरून तुमच्याकडे येणारे दुवे, विकणाऱ्यांचे मेल येतील, त्यांना उत्तरही देऊ नका.

जुनं डोमेन मात्र सोडू नका. वळणं त्याच्यावरच उभी असतात; आम्ही आमच्याचं भाडं दर वर्षी वर्गणीतून भरतो.