चौकटीवर मातीची रेघ दिसतेय, वाळवीच का?

प्रश्न: बेडरूमच्या दाराच्या चौकटीवर खालून वर मातीची बारीक रेघ चढलीय, पुसली तरी परत येते. शिवाय पावसानंतर खिडकीत पंखांचा ढीग सापडला. पंख मुंग्यांचे असू शकतात का?

उत्तर: ती रेघ पुसू नका आता! पेन्सिलीएवढी जाड मातीची नळी असेल तर ती वाळवीच, जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओलावा लागतो म्हणून ती उघड्यावर न फिरता अशा नळीतूनच ये-जा करते. मधला छोटा तुकडा फोडून बघा, आत पांढुरके किडे दिसले किंवा थोड्या दिवसांत नळी परत बुजली तर वाळवी चालू आहे. पण नाही बुजली म्हणून निर्धास्त होऊ नका, ती दुसरी वाट धरते.

पंखांचं म्हणाल तर वाळवीचे चारही पंख सारख्या लांबीचे असतात, मुंगीचे पुढचे मोठे नि मागचे लहान, आणि मुंगीची कंबर बारीक असते तशी वाळवीची नसते. घरातच पंख गळून पडलेत म्हणजे वारूळ जवळपास आहे असं धरून चाला.

आता स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चौकट ठोकत जा, पोकळ आवाज येतो तिथे टोक दाबा, वरचा रंग शाबूत असतो पण टोक सहज आत जातं. सिंकखालचं कपाट, भिंतीला टेकलेली पुस्तकं, गळक्या पाइपाजवळचं लाकूड पण बघा. दिसली तिथे स्प्रे मारून भागत नाही हो, वारूळ जमिनीत असतं, त्यामुळे पेस्ट कंट्रोलवाल्याला लवकर बोलवा.