रीझनरला मार्गेरिटा ‘शाकाहारी पिझ्झा’ का वाटत नाही?

प्रोटेजे हे ओडब्ल्यूएल या भाषेत संकल्पना आणि त्यांची नाती लिहून ठेवायचं सॉफ्टवेअर; रीझनर हा त्या लिखाणावरून निष्कर्ष काढणारा त्यातला प्रोग्रॅम. तुम्ही प्रोटेजेमध्ये मार्गेरिटाला मोझ्झरेला आणि टोमॅटो एवढीच टॉपिंग्ज दिलीत, शाकाहारी पिझ्झाची व्याख्याही लिहिलीत, तरी मार्गेरिटा तिच्याखाली जात नाही. कारण ‘एवढीच’ हे तुमच्या मनात आहे, फाइलमध्ये नाही.

फाइलमधल्या ‘हॅजटॉपिंग सम मोझ्झरेला’ या ओळीचा अर्थ: मोझ्झरेलाचं निदान एक टॉपिंग आहे. आणखी काय आहे, काय नाही, याबद्दल ते वाक्य गप्प आहे. डेटाबेसमध्ये नोंद नाही म्हणजे वस्तू नाही असं आपण धरतो; ओडब्ल्यूएलमध्ये न सांगितलेलं फक्त अज्ञात असतं. रीझनरच्या लेखी तुमच्या मार्गेरिटावर चिकनही असू शकतं.

म्हणून मार्गेरिटाच्या ‘सबक्लास ऑफ’ या रकान्यात तिसरी ओळ घाला: हॅजटॉपिंग ओन्ली (मोझ्झरेला ऑर टोमॅटो). इथे ‘ऑर’च हवं. आपण बोलताना ‘फक्त मोझ्झरेला आणि टोमॅटो’ म्हणतो, त्यामुळे हात ‘अँड’कडे जातो. पण त्याचा अर्थ होतो, प्रत्येक टॉपिंग एकाच वेळी मोझ्झरेलाही आणि टोमॅटोही. दोन्ही क्लास (वस्तूंचे गट) डिसजॉइंट, म्हणजे एकही सामाईक वस्तू नसलेले, असतील तर असं टॉपिंग असूच शकत नाही, आणि मार्गेरिटा लाल होऊन ‘नथिंग’ या रिकाम्या क्लासखाली जाऊन बसते.

आता व्याख्येचा रकाना तपासा. शाकाहारी पिझ्झाची अट ‘सबक्लास ऑफ’मध्ये असेल तर ती फक्त आवश्यक अट ठरते: शाकाहारी असेल तर असं असेल. उलट दिशेने काहीच निघत नाही. ती ‘इक्विव्हॅलंट टू’मध्ये हवी: पिझ्झा अँड (हॅजटॉपिंग ओन्ली (चीज ऑर भाजी)). मोझ्झरेला चीजखाली आणि टोमॅटो भाजीखाली असला की काम झालं. व्याख्या ‘नॉट (हॅजटॉपिंग सम मांस)’ अशी नकारार्थी लिहिली असेल, तर मात्र चीज, भाजी आणि मांस एकमेकांशी डिसजॉइंट आहेत हेही सांगावं लागतं. नाहीतर मोझ्झरेला हे मांस नाही हे रीझनरला कुठून कळणार?

‘ओन्ली’ची एक खोड: एकही टॉपिंग नसलं तरी ती अट पाळली जाते. नुसत्या बेसचा पिझ्झाही शाकाहारी ठरेल, आणि खरं तर तो असतोच. तुम्हाला तो नको असेल तर व्याख्येत ‘हॅजटॉपिंग सम टॉपिंग’ जोडा.

बदलानंतर रीझनर सिंक्रोनाइझ करायला विसरू नका. मार्गेरिटा जागेवर आली की त्या ओळीशेजारचं प्रश्नचिन्ह दाबा. कोणकोणत्या ओळींवरून हा निष्कर्ष निघाला ते दिसेल.