गाळून दाट झाले, पण इमिडाझोल गेले नाही

प्रश्न : मी कोल्हापुरात जैवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. प्रथिन पकडणाऱ्या निकेलच्या स्तंभावरून उतरवलेल्या, 45 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे माप) वजनाच्या प्रथिनाचे 15 मिलिलिटर द्रावण 10 किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूज फिल्टरमध्ये फिरवून अर्धा मिलिलिटर केले. त्यात प्रथिनाला निकेलवरून सोडवणारे रसायन, इमिडाझोल, 300 मिलिमोलर (द्रावणातील प्रमाणाचे माप) होते. बहुतेक सगळे पाणी खाली गेल्यामुळे तेही गेले असे मी धरले. मात्र तेच प्रथिन पुन्हा निकेलच्या मण्यांवर बसवू गेले, तर ते बसेना. शिवाय फिल्टरमध्ये पांढरा साका दिसला. काय चुकले?

उत्तर : फिल्टरची निवड योग्य आहे. छिद्रमर्यादा, म्हणजे फिल्टरचा पडदा ज्याहून मोठे रेणू अडवतो ते वजन, प्रथिनाच्या वजनाच्या निम्म्याहून कमी, शक्यतो एक तृतीयांशाच्या आसपास असावी, हा संकेत आपण पाळला आहे. चूक हिशेबाची आहे. दही फडक्यात टांगून चक्का केला, तरी चक्क्यात उरलेले पाणी खाली गळलेल्या पाण्याइतकेच आंबट असते. आंबटपणा घालवायचा तर वरून ताजे पाणी ओतून पुन्हा गाळावे लागते. इमिडाझोलचा रेणू जेमतेम 68 डाल्टनचा असल्यामुळे तो पाण्याबरोबर पडद्यातून मोकळेपणाने जातो. त्यामुळे प्रथिन तीसपट दाट झाले, तरी उरलेल्या अर्ध्या मिलिलिटरमध्ये इमिडाझोल 300 मिलिमोलरच राहिले आणि निकेलवरच्या जागा त्यानेच अडवल्या.

त्या अर्ध्या मिलिलिटरवर इमिडाझोल नसलेला बफर (आम्लता स्थिर ठेवणारे क्षारयुक्त द्रावण) 15 मिलिलिटरपर्यंत भरावा म्हणजे प्रमाण 10 मिलिमोलरवर येते. पुन्हा अर्ध्या मिलिलिटरवर आणून पुन्हा भरल्यास ते 0.33 मिलिमोलर होते. आपल्या कामाला एक फेरी पुरावी, पण दुसरी केल्यास निश्चिंती. बफरऐवजी निव्वळ पाणी मात्र वापरू नये, कारण क्षार अजिबात नसले की पुष्कळ प्रथिने द्रावणातून बाहेर पडतात.

साका बहुधा सलग फिरवण्याने आला असावा. पडद्यालगत प्रथिनाचा थर साचतो आणि तेथील दाटपणा सरासरीच्या कितीतरी पट असतो. दर पाच-दहा मिनिटांनी सेंट्रिफ्यूज थांबवून, टोक पडद्याला लागू न देता, पिपेटने द्रावण हलकेच वर-खाली करावे. हे कंटाळवाणे आहे, पण घाईत एकदाच अर्धा तास फिरवून प्रथिन गमावण्यापेक्षा बरे. वेग फेऱ्यांत न मोजता ‘जी’मध्ये, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, मोजावा : 8 सेंटीमीटर त्रिज्येच्या रोटरवर मिनिटाला 4000 फेऱ्या म्हणजे केवळ 1430 जी होतात, तर 15 मिलिलिटरच्या अशा फिल्टरला झुलत्या बादल्यांच्या रोटरमध्ये साधारणपणे 4000 जी लागतात.

आणखी दोन गोष्टी. नव्या पडद्यावर ग्लिसरीनचा अंश असतो, म्हणून तो आधी बफरने धुवावा आणि एकदा ओला झाल्यावर सुकू देऊ नये. तसेच प्रथिन ज्या 280 नॅनोमीटरच्या प्रकाशाच्या शोषणावरून मोजतात, तो प्रकाश इमिडाझोल स्वतःही शोषते. त्यामुळे आपण प्रथिनाचे मोजमाप साध्या बफरला शून्य धरून केले असेल, तर आकडा फुगलेला असणार. पडद्यातून गाळून खाली आलेला द्रव फिरवण्याच्या शेवटच्या फेरीतला असेल, तर तोच शून्य धरावा, आणि वरच्या द्रावणातील प्रथिनाचा हिशेब जुळेपर्यंत तो फेकू नये.