वाचकांचे प्रश्न : ‘फाइव्ह नाइन’ झालं, पुढचा आकडा ऐकलात का?

प्रश्न : ऑक्टोबरच्या सीक्यू वर्ल्डवाइड या हौशी रेडिओच्या स्पर्धेत फोनवर (म्हणजे मोर्स नव्हे, आवाजात) तीनशेच्या आसपास संपर्क केले. तपासणीत बरेच बाद झाले. प्रत्येक स्टेशनने मला उत्तर दिलं होतं, मग चुकलं कुठे? (सांगली)

तपासणीत दोन्ही बाजूंचे लॉग, म्हणजे संपर्कांच्या नोंदी, एकमेकांशी ताडून पाहतात. त्यामुळे उत्तर मिळालं एवढ्यावर भागत नाही. अहवालात बाद होण्याचं कारण लिहिलेलं असतं, त्याप्रमाणे आधी नोंदी वेगळ्या करा.

एक्स्चेंज, म्हणजे संपर्कात एकमेकांना द्यायची माहिती, चुकलं असेल तर पहिला संशय लॉगच्या सॉफ्टवेअरवर घ्या. या स्पर्धेत सिग्नल रिपोर्ट (सिग्नल कसा ऐकू येतो ते) आणि सीक्यू झोन (जगाच्या आपल्या विभागाचा क्रमांक) द्यायचा असतो. भारताचा झोन २२. रिपोर्ट सगळेच ५९ (‘फाइव्ह नाइन’) देतात, तो आता नुसता शिष्टाचार उरलाय. ऐकण्यासारखा असतो तो झोन, आणि नेमका तोच सॉफ्टवेअर कॉलसाइनवरून (स्टेशनच्या ओळखीच्या अक्षरांवरून) आधीच भरून ठेवतं. अमेरिकेत ३, ४ आणि ५ असे तीन झोन आहेत. ‘डब्ल्यू६’ दिसलं की सॉफ्टवेअर कॅलिफोर्निया समजून ३ टाकतं. पण तिथे घर बदललं तरी कॉलसाइन बदलावा लागत नाही. तो माणूस फ्लोरिडात राहायला गेला असेल तर ५ सांगेल, तुम्ही भरलेला ३ पाहून एंटर दाबाल आणि संपर्क गेला. रकाना भरलेला दिसला की कान आळशी होतो. अमेरिका, कॅनडा, रशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या स्टेशनांसाठी तो आकडा ऐकल्याशिवाय एंटर नको.

‘नॉट इन लॉग’ (समोरच्याच्या लॉगमध्ये तुमची नोंदच नाही) सुटेसुटे असतील तर बहुधा समोरच्याने दुसऱ्याच कोणाला उत्तर दिलं आणि तुम्ही ते आपलं समजलात. पण एकाच वेळेतले सलग पंधरा-वीस गेले असतील तर बँड तपासा. रिग (रेडिओ संच) संगणकाला जोडलेला नसेल आणि १४ वरून २१ मेगाहर्ट्झवर जाताना सॉफ्टवेअरमध्ये बँड बदलायचा राहिला, तर पुढचं सगळं चुकीच्या बँडवर नोंदलं जातं.

एक सांगून ठेवतो : स्पर्धा संपल्यावर रेकॉर्डिंग ऐकून किंवा कॉलसाइनच्या यादीत शोधून लॉग दुरुस्त करणं इथे नियमबाह्य आहे. शंका आली की तिथल्या तिथे विचारा.

प्रश्न : डब्ल्यूपीएक्स स्पर्धेत एक्स्चेंजमध्ये संपर्काचा अनुक्रमांक द्यायचा असतो, तो प्रत्येकाचा वेगळा. रात्री ७ मेगाहर्ट्झवर गोंगाटात आकडे कळत नाहीत. पुन्हा विचारायची रीत कोणती? (रत्नागिरी)

जेवढं हुकलं तेवढंच मागा. ‘नंबर अगेन?’ एवढं पुरतं. ‘रॉजर, रॉजर, प्लीज रिपीट’ म्हणू नका. ‘रॉजर’ ऐकताच समोरचा पुढच्या स्टेशनकडे वळतो. तुम्हाला कोणी विचारलं तर तुम्हीही फक्त क्रमांक द्या, दोनदा : ‘झीरो फोर सेव्हन, झीरो फोर सेव्हन’. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ गोंगाटात सारखेच ऐकू येतात, म्हणून ‘वन फाइव्ह’ असे सुटे अंक सांगा. मोर्समध्ये ९ साठी एन आणि ० साठी टी पाठवायची पद्धत आहे. घाईत ठीक, पण तुमचा सिग्नल क्षीण असेल तर पूर्ण अंकच पाठवा.

समोरच्याने तुमच्या कॉलसाइनचं शेवटचं ‘टँगो पापा’ (टी, पी) ऐवजी ‘टँगो ब्राव्हो’ (टी, बी) म्हटलं, तर क्रमांक देऊ नका. ‘टँगो पापा, पापा’ म्हणा आणि त्याच्या तोंडून बरोबर येईपर्यंत थांबा. बरेच जण इथे संकोचतात. पण त्याने कॉलसाइन चुकीचा नोंदवला तर फटका त्याला बसतो, त्यामुळे तो चिडणार नाही.

आणि कानाला दोष देण्याआधी रिसीव्हर बघा. रात्री या बँडवर सिग्नल एवढे तगडे असतात की प्रीॲम्प (सिग्नल वाढवणारा भाग) चालू ठेवला तर गोंगाटच वाढतो. तो बंद करा, सिग्नल कमी करणारा ॲटेन्युएटर लावा, आरएफ गेन (रिसीव्हरची संवेदनशीलता) उतरवा. एसएसबीचा (आवाजातल्या संपर्काचा) फिल्टर १.८ किलोहर्ट्झपर्यंत अरुंद केला की बाजूची कलकल बरीच कमी होते.

प्रश्न : एखादं स्टेशन त्याच बँडवर दुसऱ्यांदा आलं तर ‘आधीच झालंय’ सांगून टाळावं का? (ठाणे)

नाही. पुन्हा एक्स्चेंज द्या आणि नोंदवा. त्याच्या लॉगमध्ये पहिला संपर्क नसण्याची शक्यता आहे. वाद घालण्यापेक्षा संपर्क लवकर उरकतो. सीक्यू वर्ल्डवाइडमध्ये दुहेरी नोंदीला दंड नाही, म्हणून ती लॉगमधून काढूही नका.

प्रश्न : लॉगमध्ये वेळ भारतीय चालेल का? (पणजी)

चालत नाही, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) हवी. आपली घड्याळं साडेपाच तास पुढे, त्यामुळे सीक्यू वर्ल्डवाइड आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.३० ला सुरू होते आणि सोमवारी पहाटे ५.३० ला संपते. रविवारी पहाटे २ वाजता केलेला संपर्क लॉगमध्ये शनिवारच्या तारखेला, २०.३० वाजता येतो. संगणकाचं घड्याळ आदल्या दिवशी इंटरनेटवरून जुळवा, आणि कॅब्रिलो फाइल (लॉग पाठवायची ठरावीक रचनेची फाइल) पाठवण्याआधी पहिली नोंद उघडून तारीख पाहा. पाठवायला स्पर्धेनंतर पाचच दिवस असतात.