'मिलो' : ज्वारी असून ज्वारी न म्हटलेली

एका वाचकाने विचारले आहे : "आजी दुष्काळाच्या आठवणीत 'मिलो खाऊन दिवस काढले' म्हणायची. मिलो म्हणजे कुठले धान्य? शब्द मराठी आहे का?"

मिलो म्हणजे ज्वारीच, तांबूस दाण्याची अमेरिकी जात. शब्द मराठी नाही. इंग्रजी कोश त्याचे मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या सोथो भाषेत दाखवतात. तिथून अमेरिकेत गेलेला हा शब्द पोत्यांबरोबर आपल्या रेशन दुकानात उतरला.

भाव पडू नयेत म्हणून अमेरिकी सरकार शेतकऱ्यांकडून जादा धान्य विकत घेई. कोठारे तुडुंब भरली, साठवणीचा खर्च डोईजड झाला, तेव्हा १९५४ साली 'पीएल ४८०' कायदा आला. त्याच्या पूर्ण नावाकडे जरूर पाहा : 'कृषी व्यापार विकास आणि साहाय्य कायदा'. व्यापार आधी, साहाय्य मागाहून! 'मित्र' देशांना हे धान्य त्यांच्याच चलनात मिळे; आपण रुपये मोजत होतो. म्हणून या धान्याला नुसते 'मदत' म्हणणे मला पटत नाही. १९६५-६६च्या दुष्काळात तर अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे थोडी थोडी करून सोडली. भारताने शेतीधोरण बदलावे हा आग्रह होता, आणि अमेरिकेच्या व्हिएतनाम युद्धावरची आपली टीकाही त्यांना झोंबली होती. गंमत शब्दांची म्हणाल तर, कोठारे रिकामी होऊ लागल्यावर १९६६ साली धान्य 'शिलकी माल'च असावे ही कायद्यातली अटच गेली.

आजीची आठवण बहात्तरची असेल तर एक फरक लक्षात घ्या. रुपयांतला हा व्यवहार १९७१च्या अखेरीस थांबला होता. पुढचे आयात धान्य बहुतांशी रोखीचे, म्हणजे परकीय चलन मोजून घेतलेले.

आमच्या घरी 'मिलो आला' असे पुल्लिंगी म्हणत. कुणी 'मिलो ज्वारी' म्हणे, पण नुसती 'ज्वारी' म्हटलेले मी ऐकले नाही. अमेरिकेत हे धान्य मुख्यतः जनावरांना घालतात, हे लोकांना कळले होते आणि ते फार लागले होते. शिवाय परातीतला अनुभव होताच. माझी आई सांगायची, पिठात उकळते पाणी घातले तरी गोळा फुटायचा, थापताना कडा तुटायच्या, भाकरी तव्यावर टाकेपर्यंत हातात दोन तुकडे. "पिठाला विरीच नाही," एवढेच ती म्हणे. विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. हा शब्द मात्र अस्सल आपला. आजीच्या तोंडी तोही होता का, घरी विचारून पाहा.