रॅम तीच, तरी डिस्प्ले येईना

प्रश्न : ताई, घरी तिसऱ्या पिढीचा आय-३ प्रोसेसर आणि एच-६१ चिपसेटचा बोर्ड असलेला डेस्कटॉप आहे. रॅम ४ जीबी, एकच स्टिक. ब्राउझरमध्ये चार-पाच टॅब आणि सोबत हिशेबाची एक्सेल फाइल उघडली की सगळं अडकतं. म्हणून ऑनलाइन ८ जीबीची स्टिक मागवली. जुन्या स्टिकवर डीडीआर-३, १६०० असं लिहिलंय, नवीवरही तेच. नवी लावली की पंखा फिरतो, बीप वाजत राहतात, पण डिस्प्ले येत नाही. जुनी लावली की मशीन सुरळीत. हीच नवी स्टिक भावाच्या एएमडीच्या पीसीत मात्र व्यवस्थित चालते. विक्रेता म्हणतो, तुमचा बोर्ड खराब आहे. बोर्ड बदलायचा का?

उत्तर : मुळीच नको. खात्रीसाठी जुनीच स्टिक आधी एका स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात लावून बघा. दोन्हीकडे डिस्प्ले आला तर बोर्ड ठणठणीत आहे. चांगले चालणारे बोर्ड असे 'खराब' ठरून भंगारात गेलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी मला त्याचा राग येतो. भावाच्या एएमडीच्या पीसीत स्टिक चालते, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

डीडीआर-३ आणि १६०० एवढं जुळलं की रॅम जुळली, असं बहुतेक जण धरून चालतात. रॅमची पिढी, म्हणजे डीडीआरपुढचा आकडा, तर जुळायलाच हवी. ती चुकली तर स्टिक बसतच नाही, कारण प्रत्येक पिढीत मधली खाच थोडी सरकवलेली असते. वेगाचं, म्हणजे १६०० चं, तितकं कडक नाही. १६०० सोबत १३३३ लावली तर दोन्ही १३३३ ने चालतात, बस्स. तुमचं अडलंय ते स्टिकवरच्या काळ्या चिपांपाशी.

प्रोसेसर रॅमशी एका वेळी ६४ बिटांनी बोलतो. नेहमीच्या स्टिकवरची एक चिप ८ बिट देते, म्हणजे आठ चिपांचा एक संच होतो. या संचाला रँक म्हणतात. काही स्वस्त स्टिकवर प्रत्येकी ४ बिट देणाऱ्या चिपा असतात, त्यामुळे एकाच रँकला सोळा चिपा लागतात. इंटेलचे डेस्कटॉप प्रोसेसर (तुमचा आय-३ त्यातलाच) ही रचना घेत नाहीत. एएमडीचे त्या काळातले बरेच प्रोसेसर घेतात. म्हणूनच अशा स्टिकच्या जाहिरातीत कोपऱ्यात 'एएमडीसाठी' किंवा 'हाय डेन्सिटी' असं लिहिलेलं सापडतं. तुमची ऑर्डर पुन्हा उघडून ते शब्द आहेत का, बघा.

दुसरी शक्यताही आहे. तुमच्या पिढीच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम सांभाळणारा भाग, एका चिपेत ४ गिगाबिटपर्यंतच क्षमता ओळखतो, म्हणजे ५१२ एमबी. त्या हिशेबाने ८ जीबीला सोळा चिपा हव्यात. फक्त आठ चिपांत ८ जीबी बसवलेली स्टिक आली असेल, तर प्रत्येक चिप ८ गिगाबिटची आहे आणि तुमच्या मशीनला ती कळणार नाही.

आता नवी स्टिक कडेने धरून उजेडात न्या. सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका. दोन्ही बाजूंच्या चिपा मोजा. एकूण आठच भरल्या तर कारण मिळालं. सोळा भरल्या तर स्टिकर वाचा. '८ जीबी २आरएक्स८ पीसी३-१२८००यू' अशी ओळ असेल, तर तिचा अर्थ असा : दोन रँक, ८ बिटांच्या चिपा, आणि १२८०० म्हणजे १६०० गुणिले ८, तोच वेग मेगाबाइटमध्ये. शेवटच्या 'यू'चा अर्थ साधी, डेस्कटॉपची रॅम. तिथे 'आर' असेल तर ती सर्व्हरची रॅम, घरच्या बोर्डावर चालायची नाही. एक्सच्या पुढे ८ ऐवजी ४ दिसला तर ती स्टिक तुमची नव्हे. आणि रँकची ओळ छापलेलीच नसेल, तर मी तरी असली स्टिक घेणार नाही.

विक्रेत्याला हेच लिहून कळवा आणि स्टिक परत करा. घेत नसेल तर भावाला वापरू द्या, तिच्यात दोष नाही.

नवी मागवताना हे शब्द जसेच्या तसे लिहा : डेस्कटॉपची डीडीआर-३, २४० पिन, ८ जीबी, २आरएक्स८, सोळा चिपा. १.३५ व्होल्टची डीडीआर-३एल मिळाली तरी चालेल, ती १.५ वरही चालते. एच-६१ ला दोन स्लॉटमध्ये मिळून १६ जीबी चालतात, म्हणजे एका स्लॉटला ८. तेव्हा जुनी ४ जीबी काढू नका. ४ आणि ८ मिळून १२ होतील. त्यातले ८ जीबी दोन्ही चॅनलवर, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधल्या दोन्ही वाटांवर, वाटून चालतात आणि उरलेले ४ एकाच चॅनलवर. घरच्या कामात हा फरक जाणवत नाही.

मात्र पैसे पुन्हा खर्च करण्याआधी एक गोष्ट नक्की करा. नेहमीचं सगळं उघडा, मशीन अडकू द्या, आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. तिथे 'कमिटेड'खाली दोन आकडे असतात. पहिला आकडा ६-७ च्या आसपास असेल तर रॅमच कमी पडते आहे, ती वाढवाच. तो ४ च्या आतच असेल आणि डिस्क मात्र १०० टक्क्यांवर अडकली असेल, तर दुखणं जुन्या हार्ड डिस्कचं असू शकतं. तिथे एसएसडी लावल्याने जो फरक पडेल तो रॅमने पडणार नाही. विंडोज ३२ बिटची नाही ना, हेही सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या माहितीत वाचा. ३२ बिटची घरगुती विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही.

प्रश्न : रायझन ७००० मालिकेचा प्रोसेसर, डीडीआर-५ ची १६ जीबीच्या दोन स्टिकची ६००० वेगाची जोडी. बोर्डावर दोन स्लॉट रिकामे आहेत. व्हिडिओ एडिटिंगसाठी हीच जोडी आणखी एक घेऊ का?

उत्तर : माझं मत, घेऊ नका. डीडीआर-५ ला चार स्टिकचा भार झेपवणं अवघड जातं. तुमच्या मालिकेसाठी एएमडीने जाहीर केलेला वेग दोन स्टिकना ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. सध्याचा ६००० हा बायोसमधल्या (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंग्जमधल्या) एक्स्पो या पर्यायामुळे मिळणारा वाढीव वेग आहे, तो चार स्टिकवर टिकेल याची हमी कोणी देत नाही. आहे ती जोडी विकून ३२ जीबीच्या दोन स्टिकची जोडी घ्या. आधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची मेमरी सपोर्ट यादी उघडून स्टिकचा पूर्ण पार्ट नंबर त्यात शोधा. आणि लावल्यावर पहिल्यांदा काही मिनिटं स्क्रीन काळीच राहिली तर घाबरून पॉवर बंद करू नका. बोर्ड नव्या रॅमशी जुळवून घेत असतो. सुरू झाल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एकही एरर आली तर स्टिक बदलून मागा.

प्रश्न : बंद पडलेल्या लॅपटॉपची डीडीआर-४ रॅम डेस्कटॉपला लावता येईल?

उत्तर : नाही. लॅपटॉपची स्टिक लांबीला निम्मी असते, तिला २६० पिना, डेस्कटॉपच्या डीडीआर-४ ला २८८. अडॅप्टर विकायला असतात, पण मी ते सुचवणार नाही. तुमचं मशीन ऑल-इन-वन किंवा अगदी छोटा मिनी पीसी असेल, तर गोष्ट वेगळी. त्यात पुष्कळदा लॅपटॉपचीच रॅम असते, त्यामुळे आधी झाकण उघडून बघा.